दुधीच्या वेलाला नुसती नर फुलं: उपटू की थांबू?

गच्चीबाग_नवी: नमस्कार मंडळी. गच्चीत १५ बाय १५ इंचाच्या ग्रो बॅगेत दुधीचे २ वेल आहेत, बी लावून ५० दिवस झाले. मांडवभर पानं आहेत. रोज ४-५ पांढरी फुलं येतात आणि सकाळी गळून पडतात. दर आठवड्याला शेणाची स्लरी आणि चमचाभर युरिया देते. आता उपटून पालक लावावा का?

मांडवकरी: अजिबात उपटू नका. दुधीला आधी नर फुलंच येतात, मादी फुलं साधारण १०-१५ दिवस मागून. नर फुलाचा देठ लांब आणि सडपातळ असतो. मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढा लवदार दुधी आधीपासूनच असतो. तो रोज शोधत राहा.

युरिया मात्र आजच थांबवा. नत्र जास्त झालं की वेल पानांवरच जोर काढतो आणि मादी फुलं लांबतात. घाईने घातलेलं खतच इथे उशीर करतंय. २ मुठी गांडूळखत आणि चिमूटभर राख, तेही महिन्यातून एकदा, पुरे.

मादी फुलं बहुधा बगलफुटींवर, म्हणजे बाजूने फुटणाऱ्या फांद्यांवर येतात. त्या फुटाव्यात म्हणून मुख्य वेलाचा शेंडा खुडा.

कुंडीतली_शेती: शेंडा खुडायचा तो वेल मांडवावर पोचताच, म्हणजे ५० दिवसांना थोडा उशीरच झाला. तरी खुडा, पण एकाच दिवशी सगळ्या फांद्यांचे नकोत. आधी मुख्य शेंडा, मग आठवड्याने बगलफुटींचे.

खरी अडचण बॅगेची आहे. एवढ्या मातीत एकच वेल पोसतो. अशक्त वेल जमिनीलगत कापा, उपटलात तर दुसऱ्याची मुळं तुटतील. दुपारी पानं मलूल दिसली म्हणून लगेच पाणी ओतू नका. संध्याकाळी सावरली तर ती फक्त उन्हाची मरगळ आहे. बोटभर खोल माती कोरडी लागली तरच पाणी.

गच्चीबाग_नवी: आज एक मादी फूल दिसलं! पण मागचा छोटा दुधी पिवळा पडतोय.

मांडवकरी: परागीकरण झालं नाही. दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा गच्चीवर मधमाशी नसते. ६-७ च्या सुमारास ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि पुंकेसर मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवा. एक नर फूल दोन मादी फुलांना पुरतं. ४-५ दिवसांत दुधी फुगायला लागला तर साधलं.

कुंडीतली_शेती: साधलं की लगेच कागदी पिशवी बांधा, नाहीतर फळमाशी टोचते. डिंकासारखा थेंब दिसला तर तो दुधी तोडून बंद पिशवीत घालून फेका, वेलाखाली टाकू नका. साधारण १२-१५ दिवसांनी, अंगावर लव असताना आणि नख सहज रुततंय तोवर तोडा.