संत्रं, मोडकं जनुक आणि देवमाशाचा कान

भाऊ, उत्क्रांती तुम्हाला पटत नाही; ‘हाडं जुळवून काहीही सिद्ध करता येतं, मधला दुवा दाखवा’ हा तुमचा मुद्दा. हाडं जरा बाजूला ठेवू.

नागपुरात मृग बहराची संत्री आली की आपण ‘क’ जीवनसत्त्वासाठी खातो (खरं तर चवीसाठीच!). दारातलं कुत्रं मात्र संत्र्याला तोंड लावत नाही, तरी त्याला स्कर्व्ही (‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार) होत नाही. बहुतेक सस्तन प्राणी हे जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात बनवतात. त्यातल्या शेवटच्या पायरीचं ‘गुलो’ जनुक आपल्याकडेही आहे, पण मोडकं, बिनकामाचं. चिंपांझी आणि माकडांकडेही ते मोडकंच. गिनीपिगचंही बिघडलेलं आहे, पण त्याची मोडतोड वेगळी. दोन मुलांच्या पेपरात एकच चूक त्याच ओळीत सापडली तर मास्तर काय समजतात? इथंही तेच: आपली आणि माकडांची चूक एकाच पूर्वजाकडून आलेली. प्रत्येक प्राणी वेगळा घडवला असता, तर बंद पडलेलं यंत्र सोबत कशाला दिलं असतं?

आता हाडं. देवमासे जमिनीवरच्या प्राण्यांपासून आले, त्याचा दुवा आपल्याच देशात सापडलाय. जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटच्या खडकांतला इंडोह्यूस, साधारण मांजराएवढा, खुरांचा प्राणी. 2007 साली त्याच्या सांगाड्याचं वर्णन प्रसिद्ध झालं, तेव्हा कानाच्या हाडाची जाड कड देवमाशासारखी निघाली. पायांची हाडंही पाण्यात वावरणाऱ्यांसारखी जड. आणि डीएनए वेगळ्याच वाटेनं खुरांच्या प्राण्यांपाशीच पोचतो: देवमाशाचा जिवंत असलेला सर्वांत जवळचा नातलग पाणघोडा.