भाचीला राजदूत व्हायचंय, वाट कशी असते?

देवगडचा_मामा
भाची रत्नागिरीला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. माजी परराष्ट्र सचिव विजय गोखल्यांचं भाषण ऐकल्यापासून एकच घोषा, "मामा, फॉरेन सर्व्हिस!" आमच्या घरात परदेश म्हणजे बोटीवर जाणं. राजदूत व्हायला किती वर्षं लागतात? तोवर करायचं काय?

वेंगुर्ल्याचा_बाबू
मी परराष्ट्र खात्यात खालच्या फळीत होतो, म्हणून साहेबलोक जवळून पाहिलेत. परीक्षा कलेक्टरवालीच, यूपीएससी. मग मसुरीला आणि दिल्लीत सुषमा स्वराज संस्थेत प्रशिक्षण आणि एक परदेशी भाषा. ती पास झाल्याशिवाय नोकरी पक्की होत नाही.

गोखले १९८१ च्या बॅचचे. चिनी शिकले, हाँगकाँग, हनोई, बीजिंग केलं. मलेशियात उच्चायुक्त, म्हणजे राष्ट्रकुलातल्या देशातले राजदूतच, झाले २०१० मध्ये. करा हिशेब! पुढे जर्मनी, चीन आणि २०१८ ला परराष्ट्र सचिव. लहान देशात खुर्ची लवकरही मिळते म्हणा.

तोवर दूतावासातल्या पायऱ्या: थर्ड सेक्रेटरी, सेकंड, फर्स्ट, कौन्सेलर. मधूनमधून दिल्लीची टेबलं. मेजवान्या कमी, कागद जास्त. आपल्याकडचा एखादा खलाशी तिकडे वारला की मृत्यूचा दाखला, एम्बामिंगचा (मृतदेह टिकवण्याच्या प्रक्रियेचा) दाखला, रद्द केलेला पासपोर्ट आणि दूतावासाचं ना-हरकत पत्र लागतं. त्याशिवाय विमानात पेटी चढत नाही. इकडे घरचे फोनवर रडत असतात आणि तिकडे स्थानिक ऑफिसला नेमकी सुट्टी. अशा वेळी दूतावासाच्या कौन्सुलर विभागातली, म्हणजे आपल्या नागरिकांची कामं बघणारी, पोरगी कशी बोलते, यावर मी तिला जोखायचो. इंग्रजी फाडफाड असून भागत नाही.

लाटकर
आमच्या अब्दुललाटचे ज्ञानेश्वर मुळे विसरू नका हो! १९८३ ची बॅच, जपानी शिकले, न्यूयॉर्कला कौन्सुल जनरल, म्हणजे तिथल्या वाणिज्य दूतावासाचे प्रमुख, होते. पोस्टात पासपोर्ट केंद्रं सुरू झाली ती ते परराष्ट्र खात्यात सचिव असतानाच.

देवगडचा_मामा
आभार, बाबूकाका. भाची विचारते, भाषा मनासारखी मिळते का? आणि पेपर मराठीतून देता येतो?

वेंगुर्ल्याचा_बाबू
पसंती विचारतात, पण खात्याची गरज आणि परीक्षेतला नंबरही बघतात. अरबी पदरात पडली तर तोंड वाकडं करू नको म्हणावं, आखातात आपली माणसं किती आहेत! मुख्य परीक्षा मराठीतून देता येते. इंग्रजीचा पात्रतेचा पेपर मात्र चुकत नाही. खुल्या गटाला ३२ वर्षांपर्यंत सहा संधी. आणि रत्नागिरीत आहे तर थिबा पॅलेस नुसता सेल्फीपुरता बघू नये. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीत ब्रह्मदेशच्या थिबा राजाच्या समाधीवर आले होते. का आले, हे तिने शोधून काढावं. मुलाखतीत रत्नागिरीचं नाव निघालं तर हाच प्रश्न येईल.