मदत हवी आहे: दुकानातल्या कॉम्प्युटरचा डेस्कटॉप आवरायचाय

फॉर्मवाला: झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, विंडोज ११. गिऱ्हाइकांचे आधार, सातबारा, दाखले, फोटो यांच्या गर्दीत वॉलपेपर दिसेनासा झालाय. काही आयकॉन डिलीट करताना ॲडमिनची परवानगी मागतात. काही फाइलींवर निळा ढग दिसतो आणि वनड्राइव्ह भरल्याचा मेसेज येतो. टीव्हीची केबल जोडली की लावलेले आयकॉन विस्कटतात. फोल्डरांना वेगळी चित्रंही द्यायची आहेत. सगळं उचलून डी ड्राइव्हवर टाकू का? जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

खिडकीबाहेर: थांबा, आधी काहीच उचलू नका. ढग दिसतोय म्हणजे तुमचा डेस्कटॉप वनड्राइव्हच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीच्या, फोल्डरात गेलाय. कुठल्याही फाइलीवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे 'लोकेशन' बघा, खात्री होईल. फुकट जागा ५ जीबी असते, स्कॅन केलेल्या कागदांनी ती भरायला वेळ लागत नाही. इथली फाइल डिलीट केली की क्लाउडवरूनही जाते, आणि त्याच खात्याने लॉग-इन असलेल्या घरच्या लॅपटॉपवरूनही.

निळा ढग असलेली फाइल डिस्कवर नसतेच, नुसतं नाव दिसतं. म्हणून सगळ्या फाइली निवडून उजवी क्लिक करा आणि 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' द्या. ढग जाऊन भरीव हिरव्या गोलातली खूण येईपर्यंत नेट चालू ठेवा. मगच टास्कबारवरच्या ढगातून सेटिंग्ज, 'सिंक अँड बॅकअप', 'मॅनेज बॅकअप' इथे जाऊन डेस्कटॉपचं बटण बंद करा. बंद केल्यावर डेस्कटॉप रिकामा दिसला तर घाबरू नका. फाइली वनड्राइव्हमधल्या 'डेस्कटॉप' फोल्डरात असतात, तिथून कट करून आणा.

कळफलक: परवानगी मागणारे आयकॉन बहुधा 'पब्लिक डेस्कटॉप'वरचे असतात. सॉफ्टवेअर टाकताना ते सगळ्या यूजरसाठी तिथे शॉर्टकट ठेवतं. कोपऱ्यात बाण असेल तर बिनधास्त 'कंटिन्यू' द्या, प्रोग्रॅम जागेवरच राहतो. बाण नसेल तर ती खरी फाइल आहे, उघडून बघितल्याशिवाय हात लावू नका. आणि शिफ्ट दाबून डिलीट करायची सवय असेल तर आज सोडा, तशी फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही.

डीवर न्यायचंच असेल तर आधी तिथे 'डेस्कटॉप' नावाचा फोल्डर करा. मग मूळ डेस्कटॉप फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'लोकेशन', 'मूव्ह', आणि हा नवा फोल्डर निवडा. नुसता डी ड्राइव्ह निवडलात तर अख्खा ड्राइव्हच डेस्कटॉप होऊन बसतो, आणि तो गुंता सोडवणं कटकटीचं आहे.

पिक्सेलकाका: टीव्हीला 'डुप्लिकेट' केलंय का? त्यात दोन्ही पडद्यांना झेपेल असं एकच रिझोल्यूशन लागतं आणि आयकॉन नव्या मापात कोंबले जातात. विंडोज + पी दाबून 'एक्स्टेंड' करा. डेस्कटॉपवर रिकाम्या जागी उजवी क्लिक करून व्ह्यूमध्ये 'ऑटो अरेंज' बंद ठेवा, 'अलाइन टू ग्रिड' चालू.

फोल्डरचं चित्र प्रॉपर्टीज, कस्टमाइझ, 'चेंज आयकॉन' इथून. तुमच्या चित्राची फाइल आयसीओच (.ico, आयकॉनचा फाइल-प्रकार) हवी. पीएनजीचं नुसतं नाव बदलून चालत नाही, कन्व्हर्ट करावी लागते. आयसीओ फाइली एकाच कायमच्या जागी ठेवा, हलवल्या की फोल्डर परत पिवळा.

खिडकीबाहेर: चित्रं सावकाश करा हो. एकाचं आधार दुसऱ्या गिऱ्हाइकाला पडद्यावर दिसतंय, ते आधी थांबवा. ई-आधारच्या पासवर्डवर विसंबू नका. नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल, कोणीही ओळखेल. गिऱ्हाइकांच्या फाइली डेस्कटॉपऐवजी डाउनलोड्समध्येच उतरवा. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, 'स्टोरेज सेन्स' इथे न उघडलेल्या फाइली १, १४, ३० किंवा ६० दिवसांनी आपोआप काढायची सोय आहे. दुकानाला १४ पुरे. ही सफाई डेस्कटॉपला लागू होत नाही, म्हणून जागा बदलायची.

फॉर्मवाला: डाउनलोड्समध्ये प्रिंटर आणि अंगठ्याच्या मशिनची सेटअपही आहेत. तीही जातील?

खिडकीबाहेर: तेवढे दिवस उघडली नसतील तर जातील. डीवर 'सेटअप' फोल्डर करून आधी तिकडे हलवा, मग स्टोरेज सेन्स चालू करा.