‘बाष्पनशील सेंद्रिय संयुगे’ : गावच्या भिंतीवर काय लिहावं?

पऱ्हाटी : ग्रामपंचायतीच्या भिंतीवर फवारणीच्या सूचना रंगवायच्या आहेत. वरून आलेल्या मजकुरात ओळ आहे, ‘ईसी कीटकनाशकांतील द्रावकातून बाष्पनशील सेंद्रिय संयुगे हवेत मिसळतात.’ (ईसी म्हणजे द्रावकात विरघळवलेलं, पाण्यात मिसळून फवारायचं कीटकनाशक.) एका कास्तकारानं वाचलं अन् म्हणे, “सेंद्रिय हाये ना, मंग भेव काहाचं?” दुसरा शब्द सुचवा.

वर्धेकर : त्यांचं काही चुकलं नाही. रसायनशास्त्रात सेंद्रिय म्हणजे कार्बनी, मग ते झायलीनसारखं द्रावक का असेना. १८२८ मध्ये व्होलरनं प्रयोगशाळेत युरिया केला, तेव्हापासून या शब्दाला सजीवाची अट उरली नाही. म्हणजे पुस्तकात युरिया सेंद्रिय, आणि आपल्या धुऱ्यावर सेंद्रियवाला शेतकरी त्याला हात लावत नाही! भिंतीवर ‘कार्बनी’ लिहा.

मोहफूल : ‘बाष्पनशील’ पण काढा. कापूर उडते, पेट्रोल उडते, तसं ‘उडणारी रसायनं’. कोणालाही समजते.

पऱ्हाटी : ‘ज्वालाग्राही’ चालेल का? डब्यावर असते.

मोहफूल : नाही भाऊ. क्लोरोफॉर्म उडतो, पण सहज पेटत नाही.

वर्धेकर : ‘विषारी’ही सरसकट नको. युरोपच्या रंगांविषयीच्या नियमात उत्कलनबिंदू २५० अंश सेल्सिअसपर्यंत असला की संयुग या गटात येतं, विषाची अट नाही. गोबरगॅसमधला मिथेन मात्र हवेच्या मोजणीत बहुधा वेगळा धरतात.

पऱ्हाटी : अजून एक. पाण्याचं यंत्र विकणारा ‘व्हीओसी (म्हणजे हीच बाष्पनशील सेंद्रिय संयुगे) मोजते आणि नष्ट करते’ म्हणून सांगून गेला. मोजलं टीडीएसच्या (पाण्यात विरघळलेले घन पदार्थ दाखवणाऱ्या) पेननं.

वर्धेकर : मग मोजलंच नाही. ते पेन पाण्याची विद्युतवाहकता पाहतं, म्हणजे क्षार. बेंझीनसारखं व्हीओसी विरघळलं तरी आकडा हलणार नाही. खऱ्या तपासणीत बाटली काठोकाठ भरतात, बुडबुडासुद्धा ठेवत नाहीत, नाहीतर जे मोजायचं तेच त्या हवेत निघून जातं. मग गॅस क्रोमॅटोग्राफीनं एकेक संयुग वेगळं करतात. हवेसाठी हातात धरायचं यंत्र मिळतं. त्यात अतिनील दिवा रेणूतला इलेक्ट्रॉन काढतो आणि एकूण आकडा येतो. कोणतं रसायन ते कळत नाही.

‘पीपीएम’लाही (दहा लाखांत किती भाग) जपा. पाण्यात १ पीपीएम म्हणजे लिटरमागे साधारण १ मिलिग्रॅम. हवेत तो रेणूंचा हिशोब, बेंझीनचा १ पीपीएम घनमीटरमागे सुमारे ३.२ मिलिग्रॅम होतो. आपल्या २००९ च्या मानकात हवेतल्या बेंझीनची वार्षिक मर्यादा ५ मायक्रोग्रॅम आहे, तीही घनमीटरमागे.

मोहफूल : आणि ‘नष्ट’?

वर्धेकर : आत कोळसा असेल तर ‘पकडते’ म्हणा. ते अधिशोषण; कोळसा भरला की पुढचं तसंच पार होतं. टायटॅनियम डायऑक्साइडवर अतिनील प्रकाश पाडला तर रेणू खरोखर तुटतो, शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरतं. तेही पूर्ण तुटला तर. अर्धवट राहिला तर फॉर्मल्डिहाइडसारखी नवीन पीडा. म्हणून ‘विघटन’ वाचलं की मी विचारतो, कुठपर्यंत? शेवटपर्यंत गेलं तर त्याला ‘खनिजीकरण’ म्हणतात.

मोहफूल : चंद्रपूरकडं हा शब्द लिहू नका, खाण निघाली समजतील 😄

पऱ्हाटी : भिंतीसाठी असं केलं : ‘फवारणीच्या औषधातलं पातळ करायचं रसायन उन्हात उडते. वास नाही आला तरी श्वासातून अंगात जाते.’

मोहफूल : ‘औषध’ काढा. ‘कीटकनाशक’ लिहा.