लंडनला सहा जण, पास काढायचे का?

मंदार (बी-402): नमस्कार मंडळी. मे महिन्यात आम्ही लंडनला जातोय. आई-बाबा, आम्ही दोघं, अर्णव (12) आणि सई (8). एजंट म्हणतोय सगळ्यांचे ट्रॅव्हल पास इथूनच घ्या, तिकडे रांगा असतात. खरंय का? बाबांचे गुडघे दुखतात, तेही लक्षात घेऊन सांगा.

सुलभा काकू (ए-101): अरे वा! आई-बाबांना नेतोयस, छान केलंस 🙏

नीलिमा (सी-303): मी प्रोजेक्टवर क्रॉयडनला होते. पास-बिस काही नको रे. टॅपवालं व्हिसा किंवा मास्टरकार्ड असेल तर ते थेट गेटवरच्या पिवळ्या गोलावर टेकवायचं, गेट उघडतं. दिवसाची एक कमाल रक्कम ठरलेली असते, तिच्यापुढे कितीही फिरा, पैसे कापत नाहीत. फक्त माणशी एक कार्ड लागतं. एकाच कार्डावर सगळं कुटुंब आत, असं होत नाही.

देशपांडे काका (ए-204): जीपे चालतं का?

नीलिमा: आपलं यूपीआयवालं जीपे नाही चालत काका. रुपेसुद्धा नाही.

मंदार: झालं! आई-बाबांकडे रुपेच आहे.

नीलिमा: मग त्यांना ऑयस्टर कार्ड घे, म्हणजे तिथलं पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड. हीथ्रो विमानतळाच्या ट्यूब (तिथली भुयारी रेल्वे) स्टेशनवर मशीनमधून मिळतं. कार्डाचे वेगळे पैसे पडतात आणि ते परत मिळत नाहीत. अर्णवला मात्र ऑयस्टरच घे. 11 ते 15 वयाच्या पाहुण्या मुलांना त्यावर 14 दिवसांपर्यंत अर्ध्या भाड्याची सवलत चढवून देतात. स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला 'यंग व्हिजिटर' म्हणायचं आणि अर्णवला समोर उभं करायचं. मशीनवर ते होत नाही. सई तुमच्याबरोबर फुकट.

प्रसाद (बी-105): बँकवाला म्हणून माझी भर. कार्डाचा परदेशातला वापर आणि टॅप, ही अ‍ॅपमध्ये दोन वेगळी बटणं असतात. 2020 च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानंतर ती आपण स्वतः चालू करावी लागतात. इथूनच करून निघ, नाहीतर गेटवर लाल दिवा आणि मागे ऑफिसला निघालेली गर्दी. पहिल्या टॅपला 10 पेन्सचा मेसेज आला तर दचकू नकोस, कार्ड चालू आहे का ते बघतात. दिवसभराचं भाडं एकत्र करून नंतर कापतात.

नीलिमा: आणि पाकिटातून कार्ड बाहेर काढून टेकव. अख्खं पाकीट टेकवलंस आणि शिरताना एक कार्ड लागलं, बाहेर पडताना दुसरं, की दोन्ही प्रवास अर्धवट धरून जास्तीत जास्त भाडं लावतात. ट्यूबला दोन्हीकडे टॅप, बसला फक्त चढताना.

कुलकर्णी काका (सी-101): ज्येष्ठांना काही सवलत? आपल्या एसटीत पंच्याहत्तरीनंतर फुकट आहे!

नीलिमा: आहे काका, पण फक्त तिथल्या रहिवाशांना.

सेक्रेटरी: उद्या टाकी धुणार आहेत. सकाळी 10 ते 1 पाणी बंद. कृपया भरून ठेवणे.

विद्याताई (ए-302): मंदार, गुडघ्यांचं कुणी बोलतच नाहीये म्हणून लिहिते. ट्यूब जुनी आहे, पहिली लाइन 1863 ची. कितीतरी स्टेशनांवर लिफ्टच नाही. नकाशात गाडी बदलणं म्हणजे नुसता एक ठिपका दिसतो, प्रत्यक्षात जिने आणि लांबच लांब बोळ. कॉव्हेंट गार्डनला लिफ्ट आहे, पण तिची रांग बघून बाबांना जिन्याकडे नेऊ नकोस, 193 पायऱ्या आहेत. लेस्टर स्क्वेअरहून तर तिथे चालतच जा, तीनशे मीटरसुद्धा नाही. टीएफएल गो या लंडनच्या वाहतूक खात्याच्या अ‍ॅपमध्ये बिनपायऱ्यांची स्टेशनं दिसतात, ते आधी उतरवून घे. विमानतळावरून एलिझाबेथ लाइनची गाडी पकड. ट्यूबच्या पिकॅडिली लाइनपेक्षा महाग, पण तिच्या सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट किंवा उतार आहे. शहरात फिरायला मात्र बस.

प्रसाद: ताई, बसने ऑक्सफर्ड स्ट्रीटला अडकले तर दिवस गेला की.

विद्याताई: अडकू देत. बोगद्यातून काय दिसतं? ट्रॅफल्गर स्क्वेअरहून 15 नंबर घ्यायची. फ्लीट स्ट्रीट, सेंट पॉल्स करत टॉवर ऑफ लंडनला सोडते. साइटसीइंगवाले असल्याच रस्त्यांचे भरमसाट पैसे घेतात. आम्ही गेलो तेव्हा बसला पावणेदोन पौंड होते आणि पहिल्या टॅपपासून तासाभरात कितीही बस बदला, दुसरं भाडं नाही. मुलांना वर पुढच्या सीटवर बसव. बाबांनी जिना चढायचा नाही, खाली दाराजवळ राखीव जागा असते. आणि स्टॉपवर नुसतं उभं राहू नका, बस निघून जाते. आपलं 'हात दाखवा, गाडी थांबवा' तिथेही करायचं.

प्रसाद: ठीक आहे. पण संध्याकाळी 4 ते 7 बस नको हे तरी माना.

विद्याताई: मानलं. तेव्हा ट्यूबही नको, गर्दी आणि वर भाडंही जास्त. त्या वेळी बागेत बसा.

गायकवाड काका (बी-201): मंदार, बाबासाहेब 1921-22 मध्ये शिकत असताना जिथे राहिले ते घर चुकवू नकोस. 10, किंग हेन्रीज रोड. आपल्या राज्य सरकारने 2015 मध्ये विकत घेतलं. नॉर्दर्न लाइनने चॉक फार्मला उतरायचं, पुढे थोडं चालणं आहे. त्या लाइनला कॅम्डन टाउनहून दोन फाटे फुटतात. फलाटावरच्या पाटीवर एजवेअर दिसलं तरच चढ, नाहीतर हाय बार्नेटकडे जाशील. घर उघडं कधी असतं ते आधी बघून ठेव.

मंदार: काका, बाबांनी पहिलं नाव तेच घेतलंय. नक्की. नीलिमा, विद्याताई, प्रसाद, खूप आभार. एजंटला 'पास नकोत' म्हणून कळवतो.

देशपांडे काका: बसला सुट्टे पौंड किती ठेवायचे?

नीलिमा: शून्य काका. 2014 पासून बसमध्ये रोख घेतच नाहीत.

देशपांडे काका: मग कंडक्टर काय करतो?

नीलिमा: कंडक्टरच नाही.

देशपांडे काका: मग स्टॉप आला की उठवतं कोण?