जुनी हार्ड डिस्क लॅपटॉपला दिसत नाही

प्रश्न: सोलापुरात नवी पेठेतून १ टीबीची ३.५ इंची जुनी हार्ड डिस्क घेतली असून ती सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधून (कॅमेऱ्याचे चित्रण साठवणाऱ्या यंत्रातून) काढलेली आहे. साटा-यूएसबी केबलने (डिस्क यूएसबीला जोडणाऱ्या केबलने) जोडल्यावर केबलवरील दिवा लागतो, परंतु लॅपटॉपवर काहीच दिसत नाही. डिस्क खराब समजावी काय?

उत्तर १: एवढ्यात नको. ३.५ इंची डिस्कच्या मोटरला १२ व्होल्ट लागतात आणि यूएसबीतून केवळ ५ व्होल्ट मिळतात, त्यामुळे दिवा लागला तरी चकती फिरत नाही. १२ व्होल्टच्या अडॅप्टरची केबल वापरून डिस्कवर हात ठेवावा. कंप जाणवला पाहिजे.

प्रश्नकर्ता: अडॅप्टर लावल्यावर कंप जाणवतो. विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये ‘अनअलोकेटेड’ (वापरासाठी न आखलेली जागा) असे दिसते, ड्राइव्हचे अक्षर मात्र नाही.

उत्तर २: अनेक डीव्हीआर स्वतःच्या पद्धतीने डिस्क फॉरमॅट करतात, जी विंडोजला वाचता येत नाही. जुने चित्रण नको असल्यास ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ निवडून एनटीएफएसमध्ये (विंडोजच्या फाइल पद्धतीत) फॉरमॅट करावे, मात्र ‘क्विक’ची खूण काढून; वेळ बराच लागेल, पण प्रत्येक सेक्टर (डिस्कवरील साठवणीचा छोटा भाग) तपासला जाईल.

उत्तर ३: त्याआधी आणि नंतर क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची प्रकृती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘रीअलोकेटेड सेक्टर’चा (खराब झाल्याने बदललेल्या सेक्टरांचा) आकडा पाहावा. तो वाढत असेल, तर टेस्टिंग वॉरंटी (तपासून परत करण्यासाठी विक्रेत्याने दिलेली मुदत) संपण्यापूर्वीच (ती बहुधा तोंडीच असते) डिस्क परत करावी.