धर्मशिक्षण की धर्मांची ओळख? शास्त्र की विज्ञान? (प्राथमिक शाळेच्या संदर्भात)

मी तिसरी ते पाचवीच्या मुलांना शिकवते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. पालकसभेत शाळेत धर्मशिक्षण असावं की नसावं यावर बरंच बोलणं झालं आणि ऐकताना सारखं जाणवत होतं की शब्द एकच असला तरी दोन गट दोन वेगळ्या गोष्टींवर बोलतायत. 'हवं' म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना एवढंच हवं होतं की मुलाला ईद कशाची असते, बुद्धपौर्णिमा का पाळतात, शेजारी बसणारा मित्र अमुक दिवशी उपास का करतो हे कळावं. 'नको' म्हणणाऱ्यांच्या डोळ्यासमोर मात्र होतं ते शाळेने एका धर्माची स्तोत्रं पाठ करून घेणं, हे करायचं ते करायचं नाही असं सांगणं. तर मराठीत या दोन गोष्टींसाठी दोन वेगळे शब्द रूढ आहेत का?

दुसरा प्रश्न 'शास्त्र'चा. एक पालक म्हणाले की आपल्या सगळ्या सणांमागे शास्त्र आहे, तेच शिकवा, म्हणजे धर्मही झाला आणि सायन्सही झालं. मला ते वाक्य खटकलं पण नेमकं कुठे खटकलं ते तिथे मांडता आलं नाही.

प्रतिसाद

ताई, घोळ समासात आहे. 'धर्मशिक्षण' हा तत्पुरुष, आणि समास झाला की मधला प्रत्यय गळतो, मग तो 'धर्माचं शिक्षण' असा सोडवायचा की 'धर्माविषयी शिक्षण' असा हे ऐकणाऱ्यावर सोडलेलं असतं. शिवाय 'धर्म' समासात गेला की एकवचन की अनेकवचन तेही कळत नाही, एका धर्माचं की सगळ्या धर्मांचं. म्हणजे तुमच्या सभेत दोन्ही गट व्याकरणाने बरोबरच होते. असं असेल तिथे समास मोडून बोलावं, 'धर्माचं शिक्षण' आणि 'धर्मांविषयी शिक्षण'. लांबलचक वाटतं पण मग वाद तरी खऱ्या मुद्द्यावर होईल.

प्रतिसाद

वर जो फरक सांगितला तो कायद्याच्या अंगानेही जुना आहे. संविधानाच्या अनुच्छेद २८ मध्ये 'धार्मिक शिक्षण' असा शब्द आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत ते देता येत नाही, आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत दिलं जात असेल तर मूल अज्ञान (म्हणजे कायद्याने अजून सज्ञान न झालेलं) असल्यामुळे पालकांच्या संमतीशिवाय त्याला तिथे बसवता येत नाही. कोठारी आयोगाने (१९६४-६६) धार्मिक शिक्षण आणि धर्मांविषयीचं शिक्षण या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या होत्या, पहिलं सरकारी शाळेत नको आणि दुसरं चालेल, उलट असावं, असं त्याचं म्हणणं. पुढे २००० च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याला आव्हान दिलं गेलं तेव्हा अरुणा रॉय खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयानेही हाच फरक धरला, धर्मांविषयी माहिती देणं हे अनुच्छेद २८ च्या आड येत नाही. इंग्रजीत 'इन्स्ट्रक्शन' आणि 'एज्युकेशन' असे दोन शब्द असल्यामुळे तिथे फरक निदान कानाला तरी ऐकू येतो, मराठीत दोन्हीला आपण 'शिक्षण'च म्हणतो.

प्रतिसाद

पहिल्यासाठी 'धर्माचरणाचे पाठ' आणि दुसऱ्यासाठी 'धर्मपरिचय' कसं वाटतं? परिचय म्हटलं की ओळख करून देणारा आणि ज्याची ओळख करून दिली जातेय तो असे दोघं वेगळे राहतात.

प्रतिसाद

'धर्मपरिचय' आवडला. पण नवा शब्द घडवायच्या आधी पाठ्यपुस्तकांनी काय केलंय तेही बघावं. सहावीच्या इतिहासात 'प्राचीन भारतातील धार्मिक प्रवाह' असा धडा आहे, जैन, बौद्ध, ज्यू, ख्रिश्चन, इस्लाम, पारशी असं सगळं त्यात येतं. 'प्रवाह' हा शब्द फार विचारपूर्वक निवडलाय असं मला वाटतं कारण त्यात कुणी वर कुणी खाली नाही. आणि तो धडा इतिहासाच्या पुस्तकात आहे, म्हणजे जागाही ठरली, हे लोकांनी काय मानलं कसं जगलं याचं शिक्षण आहे.

प्रतिसाद

'धर्म' या शब्दावरच थोडं लिहितो कारण प्राथमिकच्या मुलाला तो 'रिलिजन' या अर्थाने फार उशिरा भेटतो. त्याआधी त्याच्या कानावर शेजारधर्म, दानधर्म, धर्मशाळा हे शब्द पडलेले असतात, तिथे अर्थ कर्तव्य, परोपकार असा. आणि वर्गात तो भेटतो 'गुणधर्म' म्हणून! पाण्याचे गुणधर्म, धातूंचे गुणधर्म. म्हणजे विज्ञानाच्या तासाला धर्म म्हणजे एखाद्या वस्तूचा स्वभाव, ती जशी वागते तशी वागणं. पाणी उताराकडे धावतं हा त्याचा धर्म. हा अर्थ जुना आहे आणि तो जपावा असं मला मनापासून वाटतं, पण याचाच आधार घेऊन काही लोक म्हणतात की बघा धर्म म्हणजे रिलिजन नव्हेच, धर्म म्हणजे निसर्गनियम, म्हणून शाळेत धर्म शिकवायला हरकत नाही. आणि मग शिकवायला घेतात ते मात्र व्रतवैकल्यं. युक्तिवाद एका अर्थाने करायचा आणि अंमल दुसऱ्या अर्थाने, हे प्रामाणिकपणाचं नाही.

जाता जाता, उद्देशिकेच्या मराठी पाठात 'धर्मनिरपेक्ष' आहे आणि हिंदीत 'पंथनिरपेक्ष'. त्यामागेही याच दोन अर्थांची ओढाताण आहे.

प्रतिसाद

आता ताईंना खटकलेलं वाक्य. 'शास्त्र' म्हणजे मुळात शिस्तीने मांडलेलं ज्ञान, नियम सांगणारा ग्रंथ. म्हणून धर्मशास्त्रही शास्त्र, व्याकरणशास्त्रही, पाकशास्त्रही. आधुनिक विषय मराठीत आले तेव्हा याच शब्दाला जोडून भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र झाले, आणि तेव्हापासून एका शब्दात दोन अधिकार नांदतायत. 'शास्त्रात सांगितलंय' म्हणजे ग्रंथात लिहिलंय म्हणून ते पाळायचं, आणि 'शास्त्रीय' म्हणजे तपासून बघितलंय, उद्या तपासणीत चूक निघाली तर सोडून देऊ. हे दोन अधिकार एकमेकांच्या उलट आहेत! शास्त्रोक्त आणि शास्त्रीय या दोन शब्दांतलं अंतर मुलांना सांगितलं तरी खूप झालं.

आणि परीक्षेत प्रश्न कसा असतो आठवा, 'शास्त्रीय कारणे लिहा'. मूल ते उत्तर पाठ करतं. मग घरी मोबाईलवर मेसेज येतो 'या प्रथेमागचे शास्त्रीय कारण', आणि वाक्याची ठेवण अगदी तीच असते, म्हणून त्याला दोन्ही सारखंच खरं वाटतं. त्या पालकांनी मुद्दाम काही केलं असेल असं नाही, भाषेनेच त्यांना तसं बोलायला लावलं.

यासाठी मी प्राथमिकच्या पातळीवर 'शास्त्र' टाळून 'विज्ञान' वापरायच्या बाजूचा आहे. 'विज्ञान' हा शब्दही नवा नाही म्हणा, गीतेच्या सातव्या अध्यायाचं नावच ज्ञानविज्ञानयोग आहे आणि तिथला अर्थ सायन्स नाही, पण रोजच्या मराठीत तो जुना अर्थ आता उरलेला नाही, त्यामुळे गोंधळ होत नाही.

प्रतिसाद

माझं जरा वेगळं मत आहे. नुसते शब्द बदलून काही होणार नाही. तिसरी ते पाचवीला विज्ञान नावाचा विषयच नसतो, 'परिसर अभ्यास' असतो, सामान्य विज्ञान सहावीपासून. आणि मला 'परिसर अभ्यास' हे नाव फार चांगलं वाटतं कारण त्यात सुरुवात आजूबाजूला बघण्यापासून आहे. पण शिकवताना काय होतं, व्याख्या फळ्यावर, व्याख्या वहीत, व्याख्या पाठ. हे आणि पोथी वाचणं यात मुलाच्या दृष्टीने काय फरक राहिला? सूर्याभोवती पृथ्वी फिरते हे त्याने बाईंवर विश्वास ठेवूनच मानलेलं असतं. म्हणजे विज्ञानही श्रद्धेनेच शिकवतो आपण, आणि वर म्हणतो वैज्ञानिक दृष्टिकोन आला.

दुसरं असं की धर्मांविषयी शिकवताना 'लोक असं मानतात' असं तिऱ्हाईताचं वाक्य वापरावं लागतं, ते ज्या मुलाच्या घरी तो धर्म रोज जगला जातो त्याला बोचू शकतं. त्याच्यासाठी ते 'लोक' नाहीत, त्याची आजी आहे.

मूळ प्रश्न विचारणारी

सगळ्यांचे आभार, खूप मिळालं यातून. शेवटच्या प्रतिसादावर मला सविस्तर बोलायचंय कारण तो मुद्दा सगळ्यात जवळचा आहे.

आजीचा मुद्दा पूर्ण मान्य. म्हणून 'लोक मानतात' असं मोघम न म्हणता मी नाव घेऊन बोलते, बौद्ध लोक असं मानतात, मुस्लिम लोक असं मानतात, हिंदूंमध्ये काही जण असं करतात आणि काही जण करत नाहीत. कर्ता स्पष्ट असला की वाक्य तुसडं वाटत नाही, उलट त्या मुलाला वाटतं की बाईंनी आपलं नाव घेतलं. आणि 'खरं का हो बाई?' असं कुणी विचारलंच तर ते ठरवायचं काम शाळेचं नाही, ते घरी विचार आणि मोठा झालास की स्वतः ठरव, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. उद्देशिकेत 'विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य' असं आहे, ते त्या लहान मुलालाही आहेच की.

विज्ञानाच्या बाबतीत मात्र माझा आग्रह क्रियापदाचा आहे. 'विज्ञान मानतं', 'शास्त्रज्ञ मानतात' असं आपण सर्रास बोलतो, लिहितो, ते सोडायला हवं. त्याऐवजी 'असं दिसलं', 'असं आढळलं', 'मोजून बघितलं तर एवढं आलं', 'यावरून असं ठरवलं'. 'मानणे' हे क्रियापद दोन्हीकडे वापरलं की मुलाला वाटतं दोन्ही एकाच जातीच्या गोष्टी आहेत, एक मानायचं की दुसरं मानायचं, आणि मग 'तू देवाला मानतोस की विज्ञानाला' असले प्रश्न मैदानावर सुरू होतात जे खरं तर प्रश्नच नाहीत. पृथ्वी फिरते हे चौथीच्या मुलाला सिद्ध करून दाखवता येत नाही हे खरं, पण मैदानात काठी रोवून सकाळपासून दुपारपर्यंत तिच्या सावलीची टोकं खडूने मांडता येतात. मग सूर्य फिरला म्हणून असं झालं की आपण फिरलो म्हणून, हे दोन्ही शक्य आहे हे मुलं स्वतः बोलतात, आणि तिथे 'माणसांना कसं कळलं असेल?' हा प्रश्न जन्माला येतो. तो प्रश्न आला की माझ्या दृष्टीने परिसर अभ्यासाचा तास झाला, उत्तर सहावीत मिळालं तरी चालेल. व्याख्या पाठ करून घेण्याबद्दल तुम्ही म्हणताय ते अगदी खरं आहे आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

प्रतिसाद

क्रियापदाचा मुद्दा पटला. त्यालाच जोडून 'विज्ञाननिष्ठ' या शब्दाबद्दल. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने मूलभूत कर्तव्यं आली, त्यातल्या एका कर्तव्यात 'विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन' असा शब्द संविधानाच्या मराठी पाठात आहे. बालभारतीच्या पुस्तकात सुरुवातीला कर्तव्यं छापलेली असतात तिथे मात्र 'वैज्ञानिक दृष्टी, मानवतावाद आणि जिज्ञासूवृत्ती अंगी बाळगावी' असं आहे. मुलांसाठी दुसरंच बरं. निष्ठा म्हणजे ढळायचं नाही, स्वामिनिष्ठा, पतिनिष्ठा, गुरुनिष्ठा हे त्याचे सोबती. ज्या गोष्टीत पुरावा बदलला की मत बदलायचं असतं तिला 'निष्ठा' कशी चालेल? 'जिज्ञासूवृत्ती' या शब्दात निदान प्रश्न विचारायची मुभा आहे.

प्रतिसाद

'सिद्धांत' राहिला की! पाचवीच्या परिसर अभ्यासाच्या दुसऱ्या भागात उत्क्रांतीचा धडा आहे, म्हणजे हे प्राथमिकलाच येतं. 'उत्क्रांती ही नुसती थिअरी आहे' असं आपल्याकडेही ऐकू येतं, २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी तर डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला नाही, शाळा-कॉलेजांत हे शिकवणं बदलायला हवं असं म्हटलं होतं आणि देशातल्या विज्ञान अकादमींनी त्यावर जाहीर हरकत घेतली. २०२३ ला एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला तेव्हाही चर्चा झाली. यात शब्दाची गंमत बघा, 'नुसती थिअरी' हा आक्षेप इंग्रजीत चालतो कारण तिथे बोलताना थिअरी म्हणजे अंदाज असाही अर्थ होतो. मराठीत सिद्धांत म्हणजे शेवटी सिद्ध झालेलं, अंदाजाला आपल्याकडे 'गृहीतक' आहे. 'नुसता सिद्धांत' असं मराठीत म्हणून बघा, वाक्य उभंच राहत नाही. मुलांना हे दोन शब्द सुरुवातीलाच वेगळे द्यावेत.

प्रतिसाद

उपयोगी धागा. माझा एक छोटा प्रश्न, वर्गात 'अंधश्रद्धा' शब्द वापरावा का? ग्रहणाच्या दिवशी वेध पाळणाऱ्या घरातलं मूल वर्गात असतं. (वेध वरून आठवलं, ग्रहणाचे वेध आणि वेधशाळेतला वेध हा एकच शब्द, मुलांना हे सांगितलं की मजा वाटते त्यांना.)

मूळ प्रश्न विचारणारी

मी पाचवीपर्यंत तरी वापरत नाही. तो शब्द आला की मूल घरच्यांचा बचाव करायला लागतं आणि ग्रहण बाजूला राहतं. आणि तो टाळला म्हणून काम अडत नाही, २०१३ चा महाराष्ट्राचा कायदा आपण बोलताना 'अंधश्रद्धाविरोधी' म्हणतो पण त्याच्या नावात तो शब्दच नाही, नरबळी, अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा आणि जादूटोणा असं नेमकं लिहिलंय. वर्गातही तसंच, ज्याने इजा होते, साप चावल्यावर दवाखान्यात न नेणं वगैरे, ते नाव घेऊन चूक म्हणायचं. परिपाठातल्या दहा मूल्यांत सर्वधर्मसहिष्णुता आणि वैज्ञानिक दृष्टिकोन एकाच यादीत आहेत, दोन्ही मलाच शिकवायची आहेत आणि त्याच मुलांना. पुढच्या सभेला मी 'धर्मपरिचय' आणि 'धर्माचरणाचे पाठ' हे दोन शब्द फळ्यावर लिहून मग चर्चा सुरू करणार आहे, आणि 'शास्त्र आहे' असं कुणी म्हटलं तर शास्त्रोक्त की शास्त्रीय, एवढंच विचारेन.